लायनीतला सुदाम

सुदामचा सत्कार झाला त्या दिवसापासून शाल आणि नारळ दिसला की माझं डोकं उठतं. परवा एका कार्यक्रमात माझ्याच खांद्यावर शाल टाकायला कुणी आलं, तर मी दोन पावलं मागे सरकले. लोकांना वाटलं, बाई फार विनयशील आहेत. विनय कसला डोंबलाचा! मला त्या शालीखाली अडकलेले सुदामचे दोन हात आठवले.

सुदाम आमच्या कार्यशाळेत यायचा. लोणावळ्यात बाजारापासून जरा आत, अठरा वर्षांपुढच्या विशेष मुलांसाठी ही कार्यशाळा आहे. 'मुलांसाठी' हा शब्द ऐका. आमच्याकडे कानशिलं पांढरी झालेली माणसं आहेत, पण कागदावर, भाषणात आणि खाऊ वाटताना ती सगळी मुलंच असतात. सुदाम चाळिशीला टेकलेला होता. त्याला डाऊन सिंड्रोम होता, पण त्याच्या वाडीत हा शब्द कुणी वापरत नसे. तिथे तो 'भोळा' होता आणि जरा माणसं जमली की 'देवाघरचं लेकरू' व्हायचा. हे लेकरू रोज सकाळी स्वतः दाढी करून, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावून, मागच्या खिशात कंगवा खोचून कुरवंड्याच्या रस्त्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभं असायचं.

बुटका, रुंद खांद्यांचा, चालताना पाय किंचित फेंगडे पडायचे. बोलणं तुटक, पण रोखठोक. विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचा आणि हसता हसता विनोद विसरायचा. मग "र्‍हाऊ द्या, लय भारी हुता," म्हणून विषय संपवायचा. त्याच्या डब्यातली चटणी कुणी मागितली की देणार, पण विचारल्याशिवाय घेतली की आठवडाभर अबोला. माझ्याशीही एकदा धरला होता. मी मागितली नव्हती हे खरंच होतं.

त्याचा जीव एकाच गोष्टीत होता, लायनीत. लाईन दिसली की सुदाम उभा राहिलाच म्हणून समजा. रेशनची, दवाखान्याची, देवळातल्या प्रसादाची, कुठलीही. आणि त्याला पुढे घेतलं की त्याचा संताप व्हायचा. एकदा मी त्याला खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन गेले होते. केसपेपरच्या खिडकीपाशी चांगलीच गर्दी होती. एक मावशी म्हणाल्या, "अगंबाई, याला सोडा की पुढं, बिचारा." सगळे बाजूला झाले. मोकळी वाट झाली. सुदाम जागचा हलेना. मावशींनी प्रेमानं त्याचा दंड धरून पुढे ढकललं, तसा तो गर्रकन वळला आणि थेट शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मी लायनीत हाय," तो म्हणाला. खोकत खोकत म्हणाला.

मी वैतागले होते, मला उशीर होत होता. पण तो मात्र खुशीत. पुढच्या माणसाला विचारत होता, "तुमाला काय झालंय? मला खोकला." नंबर लागेपर्यंत त्याला अर्ध्या लायनीची दुखणी तोंडपाठ झाली होती.

वाडीत तरुण मंडळाची एक खोली आहे. तिथे कॅरम असतो. सुदाम संध्याकाळी तिथे जायचा. पोरं चांगली हो, मनानं फार चांगली, तिथेच तर सगळं गाडं अडतं. ती त्याला जिंकवायची. याचा नेम चुकला की एखादा हळूच बोटानं सोंगटी भोकात लोटायचा आणि सगळे ओरडायचे, "वा रं सुदामभाऊ, राणी घेतली!" सुदामला काय ते कळत नव्हतं? दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाई, ती खोटं खेळत्यात."

"म्हणजे रे?"

"मी हरतो, तरी जिकतो. मग घरी जातो." असं म्हणून त्यानं हात झटकले. आता यावर पोरांना काय सांगणार? मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आवो बाई, त्याला तेवढाच आनंद." मी म्हटलं, त्याला आनंद होत नाहीये. तर म्हणाली, "न्हाई कसा, जिकतो की रोज!" मी कपाळाला हात लावून परत आले.

त्याच्याशी खरं खेळणारं माणूस जगात एकच होतं, त्याची आई, हिरामावशी. वाळलेली, काटक बाई, तोंडाची फटकळ. विकेंडच्या बंगल्यांमध्ये झाडलोट करून यायची, चूल पेटवायची आणि भाकरी झाल्यावर दाराशी गोणपाट टाकून लेकाशी भिकार-सावकार खेळायची. पत्ते इतके मळलेले की राजा कुठला आणि गुलाम कुठला हे तिलाच ओळखता येई. ती त्याला बिलकुल दयामाया दाखवत नसे. उलट लबाडी करायची. मी एकदा स्वतः पाहिलं, तिनं एक्का पदराखाली सरकवला. सुदामनं तिचा हात धरला, "आये, चोर हायेस!" ती म्हणाली, "चोर तुझा बाप. टाक पान." मग दोघं भांडली, आणि शेवटी तो हरलाच. दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडत आला, "बाई, काल हरलो! लय हरलो!" चेहरा असा फुललेला की बघणाऱ्याला वाटावं पहिला नंबर आला.

आता आमच्या कार्यशाळेबद्दल बोलते, म्हणजे नुसती वाडीला नावं ठेवली असं नको. आमच्या वेळापत्रकात शुक्रवारी दुपारी 'मनोरंजन' होतं. त्या तासाला काय करायचं, तर पणत्या रंगवायच्या. का, तर बोटांना वळण लागतं. गाणी लावायची, पण टाळ्या ठेक्यात वाजवायच्या, कारण त्यानं लक्ष एकाग्र होतं. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं की तुम्ही-आम्ही रविवारी पिक्चर बघतो तेव्हा कशाला वळण लागतं? मॅनेजरनी पेन उघडलं. "अहो, पण उद्दिष्ट काय लिहायचं?" म्हणाले. मजा करायला उद्दिष्ट लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपण गंमत म्हणून जे करतो ते यांना औषधासारखं चमच्यानं पाजायचं, आणि वर पुन्हा गुण आला का ते तपासायचं.

आणि सहल! लोणावळ्यात राहून सहल कुठे, तर भुशी धरणावर. पावसाळ्यात अख्खी मुंबई जिथे पायऱ्यांवरच्या पाण्यात बसायला येते, तिथे आमचीही बस गेली. बसला बाहेरून बॅनर, आत आमची माणसं नवे कपडे घालून. पण पाणी जोरात होतं, पायऱ्या निसरड्या, जबाबदारी कोण घेणार, म्हणून खाली उतरायचं नाही असं ठरलं. बसमध्येच चिक्की वाटली. बसमध्येच गाण्याच्या भेंड्या झाल्या. सुदाम खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता. बाहेर पोट सुटलेले बाप्ये उघड्या अंगानं पाण्यात लोळत होते, कणसं खात होते, एकमेकांवर पाणी उडवत होते.

"बाई, ही मान्सं कुटली?"

"मुंबईची असतील."

त्यानं काचेवरची वाफ पुसून पुन्हा बाहेर बघितलं. मग विचारलं, "त्यांच्या बाई कुटं हायेत?"

 मी त्याला माझी चिक्की दिली. त्यानं घेतली नाही.

तर आता लेझीम. वाडीची जत्रा चैत्रात असते. पालखी निघते, पालखीपुढे लेझीम. जत्रेच्या आधी महिनाभर देवळाच्या अंगणात संध्याकाळी सराव चालतो. हलगीवर किसनभाऊ. बंगल्यांच्या बागा सांभाळणारा माणूस, पण हलगी गळ्यात अडकवली की फौजदार होतो. त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय वाडीत कुणी लेझीम शिकलेलं नाही. सुदाम लहानपणापासून हा सराव पारावर बसून बघायचा आणि दरवर्षी किसनभाऊला विचारायचा, "माझा नंबर?" किसनभाऊ दरवर्षी म्हणायचा, "पुढल्या साली."

त्या वर्षी मी मधे पडले. सुदामची पालखीपुढच्या लायनीत उभं राहून लेझीम खेळायची इच्छा मला हिरामावशीनं सांगितली होती. सांगितली म्हणजे माझ्यावर डाफरली, "तुमी शाळेत त्याला पणत्या कशापायी रंगवाया लावता? त्याला लेझीम पायजेल." मी किसनभाऊकडे गेले. तो म्हणाला, "बाई, मला वावडं न्हाई. पर त्याचा पाय मागं पडतो. लाईन मोडती."

"तुमच्या लाईनीतले बाकीचे काय पलटणीतून आलेत का? तो गेल्या वर्षीचा जाडा, पिऊन आला होता, तो चालला ना?"

किसनभाऊ हसला. "बरं, धाडा त्याला. पर मी वरडनार. मग रडायचं न्हाई."

मी कार्यशाळेच्या कपाटातून एक लेझीम सुदामला नेऊन दिली. मग त्या माय-लेकरांचं काय चाललं होतं, ते सगळ्या वाडीनं ऐकलं. हिरामावशी परातीवर लाटणं बडवायची आणि सुदाम अंगणात चार आवाज काढायचा. खाली, वर, खाली, वर. चुकला की लाटणं थेट ढोपरावर बसायचं. शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं अशी तक्रारही आली. सरावाला मात्र तो रोज वेळेआधी. पहिले काही दिवस त्याचा पाय खरंच मागे पडत होता. मग कमी पडायला लागला. आधी त्याला सांभाळून घेणारा किसनभाऊ शेवटी त्यालाही सोडेनासा झाला, म्हणजे तो इतरांइतकाच त्याच्या तडाख्यात सापडायला लागला. "सुद्या, वाक की! कंबर काय घरी ठिवून आलास?" हे ऐकून सुदाम दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "किसनभाऊ वरडला मला. सगळ्यांसंगं वरडला!" आणि मग दिवसभर तो प्रत्येकाला ते सांगत सुटला होता.

ठरलं. डावीकडच्या लायनीत, शेवटून दुसरा. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्याला फेटा.

जत्रेच्या दिवशी मी गेले तेव्हा लायनी लागलेल्या होत्या. सुदाम आपल्या जागी उभा, लेझीम दोन्ही हातांत घट्ट, नजर किसनभाऊवर. हिरामावशी भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदर धरून. एवढ्यात माईकवरून जत्रा कमिटीच्या अध्यक्षांचा आवाज आला. या आबांबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही, सज्जन माणूस. तीच तर पंचाईत. त्यांच्या मनात आलं की यंदा सुदाम खेळतोय, बाईंनी एवढं मनावर घेतलंय, तर गावानंही काहीतरी केलं पाहिजे. आणि आपल्याकडे काहीतरी करायचं म्हणजे दुसरं काय करतात?

"आपल्या वाडीचं देवाघरचं लेकरू, सुदाम, यांचा सत्कार मान्यवरांच्या हस्ते होत आहे. त्यांनी व्यासपीठावर यावं!"

टाळ्या पडल्या. दोघांनी त्याला काखेत हात घालून उचलल्यासारखं नेलं. त्याची लेझीम कुणीतरी धरली. "दे, मी धरतो, जा." अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, वर पुष्पगुच्छ, वर देवीचा फोटो काचेच्या फ्रेमचा. फोटो निघाले. मला वाटलं, झालं, आता उतरेल. पण सत्कारमूर्तीला कुणी खाली जाऊ देतं का? त्याला मान्यवरांच्या रांगेत खुर्ची दिली. भाषण सुरू झालं. आणि पालखीची वेळ झाली म्हणून तिकडे किसनभाऊची हलगी कडाडली.

सुदाम उठला. शेजारचे पाहुणे म्हणाले, "बस बाळा, बस. दमशील." तो परत उठला. त्यांनी परत बसवला. हातातला नारळ सोडता येईना, फ्रेम काचेची, ठेवायची कुठे? खुर्चीखाली त्याचे पाय मात्र चालले होते. खाली, वर, खाली, वर. मी गर्दीतून वाट काढत होते, पण जत्रेच्या गर्दीत बाईमाणसाला कोण वाट देतंय! लाईन सरकायला लागली. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं एक-एक पाऊल जवळ आली आणि त्याची जागा बुजली.

तेव्हा तो ओरडला. भाषणाचा माईक त्याच्या खुर्चीशेजारीच होता, त्यामुळे अख्ख्या वाडीला ऐकू गेलं.

"मी लायनीत हाय! मी लायनीत हाय!"

लोक हसले. प्रेमानं हसले. आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी व्यासपीठापाशी पोचले तोवर पालखी वेशीकडे वळली होती. मी आबांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे गोंधळले. "बाई, गावानं येवढा मान दिला त्याला. आजपत्तूर कुणी दिलता का? तुमाला आनंद न्हाई झाला?"

"आबा, त्याला खेळायचं होतं हो! नुसतं खेळायचं होतं!"

"खेळंल की पुढल्या साली," आबा म्हणाले. "आता कुटं पळून जातोय तो?"

किसनभाऊ रात्री हिरामावशीच्या दाराशी येऊन गेला म्हणे. "मला वाटलं उतरून यील. हलगी चालू झाल्यावं हात कसा थांबवू?"  हिरामावशीनं नारळ त्याच रात्री फोडून चटणी केली.

पुढल्या साली सरावाचा निरोप आला. खुद्द किसनभाऊ बोलवायला गेला. सुदाम गेला नाही. जत्रेच्या दिवशी आमच्या कार्यशाळेला सुट्टी होती. मी काही राहिलेलं काम उरकायला गेले, तर हा कुलपाच्या दाराशी पायरीवर बसलेला, डबा मांडीवर घेऊन.

"अरे, आज जत्रा ना तुमची?"

"व्हय."

"मग गेला नाहीस?"

"न्हाई. सत्कार करत्यात." एवढं बोलून त्यानं डबा उघडला आणि चटणी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघांनी पायरीवर बसून खाल्लं. मला इतका राग आला होता की कुलूप उघडायचंही राहून गेलं.

त्याच पावसाळ्यात हिरामावशी गेली. ताप आला, अंगावर काढला, संपली. सुदामचा धाकटा भाऊ दत्ता सोमाटण्यात राहतो, एका कंपनीत सुपरवायझर आहे. तो सुदामला घेऊन गेला. चांगला मुलगा, भावाला टाकलं नाही त्यानं. मी फोन केला की म्हणायचा, "मजेत आहे बाई. काही कमी नाही त्याला. दिवसभर टीव्ही, पंखा, आराम." तिथे त्याच्याशी पत्ते कोण खेळतं असं मी विचारलं, तर म्हणाला, "मोबाईलवर गेम टाकून दिलाय ना."

गेल्या वर्षी मला सोमाटण्याला जायचा योग आला. आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय काय असावा? विशेष व्यक्तींसाठी फावल्या वेळेचं नियोजन. संध्याकाळपर्यंत पडद्यावर चित्रं बघून डोळे आंबले. म्हटलं, निदान सुदामला भेटून जावं. रिक्षा केली, तर फाट्याच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. पुढे वरात होती. मी रिक्षा सोडली आणि चालत निघाले. दत्ताच्या सोसायटीच्या फाटकासमोरच नवरदेवाची गाडी अडकली होती आणि बँडवाले घामाघूम होऊन वाजवत होते.

आणि त्या नाचणाऱ्या घोळक्यात, अगदी मधोमध, सुदाम होता.

मी आधी ओळखलंच नाही. अंगावर घरातला बनियन, पायात चपला नाहीत. फाटकातून तसाच पळत आला असणार. मुलाकडच्यांना वाटत होतं हा मुलीकडचा आणि मुलीकडच्यांना वाटत होतं मुलाकडचा, त्यामुळे त्याला कुणी हटकलं नव्हतं. नाच कसला, नुसती धक्काबुक्की. एक चकचकीत कुर्ता घातलेला गडी त्याच्यावर खेकसला, "ओ पाव्हणं, पाय बघा की! बूट चेंगरला माझा!"

सुदामनं खेकसून उत्तर दिलं, "तुझाच पाय मधी येतोय!"

"बरं बरं, या हिकडं!" म्हणून त्या गड्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि दोघं गरागरा फिरले. फिरता फिरता दुसऱ्यावर आदळले. त्यानं सुदामला कोपरानं ढोसलं, सुदामनं त्याला ढोसलं. सुदाम तोंड उघडं टाकून हसत होता. मी दोन मोटारींच्या मधे अडकून उभी होते. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

तेवढ्यात दत्ता फाटकातून धावत आला. बिचारा घाबरलेला होता, घरात भाऊ नाही म्हटल्यावर काय होणार? घोळक्यात घुसून त्यानं सुदामचा दंड धरला आणि त्या कुर्तेवाल्याला हात जोडले. "माफ करा हं. भाऊ आहे माझा. जरा भोळा आहे तो, समजून घ्या."

कुर्तेवाल्यानं सुदामचा हात सोडला. "अरारा, असं व्हय?" म्हणून त्यानं सुदामच्या डोक्यावरून हात फिरवला. ती बातमी घोळक्यात पसरायला किती वेळ लागतो? माणसं मागे सरली. कुणी म्हणालं, "ओढू नका हो त्याला, नाचू द्या, नाचू द्या!" आणि सगळ्यांनी सुदामभोवती मोठं गोल रिंगण केलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मोबाईल वर झाले.

रिंगणात सुदाम एकटा उभा होता. बँड चालूच होता. त्यानं एकदा चौफेर बघितलं, मग दत्ताकडे वळला आणि बँडच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "त्यास्नी सांगितलंस कशाला?"